लोरेंझची नाइटिंगेल

युस्टिना सून म्हणून टेनबाखला आली तेव्हा तिच्या कपाटावर एक रंगवलेला फिंक पक्षी बसलेला होता.

आमच्या डोंगरातली मुलगी सासरी जाते ती कपाट घेऊन, आणि आसपासच्या सगळ्या गावांची कपाटं रंगायला टेनबाखच्या हाबरमेलांकडे यायची. निळ्या जमिनीवर लाल ट्यूलिप, दोन्ही दारांवर एकेक फुलदाणी, वर मुलीचं नाव आणि साल. म्हातारा हाबरमेल जन्मभर तेच काढत आला. त्याचा मुलगा लोरेंझ मात्र ट्यूलिपच्या देठावर हळूच एखादा पक्षी बसवून द्यायचा. युस्टिना डोंगरापलीकडच्या काचभट्टीवरल्या कामगाराची धाकटी मुलगी. थोरल्या बहिणीचं कपाट कधी होतंय ते विचारायला ती आली, मग पुन्हा आली, आणि तिसऱ्या खेपेला कपाट तयार असूनही लोरेंझने ते ओलं आहे म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी त्याने तिचं स्वतःचं कपाट रंगवलं. नवऱ्यानेच बायकोचं कपाट रंगवल्याची गोष्ट गावात बरेच दिवस हसायला पुरली.

तोवर लोरेंझला दुसरं काम लागलेलं होतं. क्रेनफेल्डचे पाद्री नोटनागेल एका लग्नाला आले होते. वधूचं कपाट पाहता पाहता ते त्यावरच्या एका गोल्डफिंच पक्ष्यापाशी थांबले ते हलेचनात. वधूच्या आईला वाटलं, कपाटात काही पाप दिसलं की काय. पाद्रीबाबांना आपल्याकडच्या गाणाऱ्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ काढायचा होता, भागाभागांनी, प्रत्येक पक्ष्याचं पानभर रंगीत चित्र असलेला. ते लिहिणार होते. काढणारा त्यांना त्या दिवशी सापडला.

काम असं चालायचं. म्हातारा किलियान हा गावचा पारधी. त्याची जाळी आणि पाखरं चिकटवायच्या चिकाच्या काड्या सगळ्या रानात लावलेल्या असायच्या. तो पक्षी आणून द्यायचा. पक्षी मेला की डोळ्याचा आणि पायाचा रंग तासाभरात उतरतो, म्हणून लोरेंझ आधी ते दोन रंग कागदाच्या कोपऱ्यावर टिपून ठेवायचा. मग पक्ष्याला तारेने फांदीवर बसवायचं, पेन्सिलने रेखायचं, आणि जलरंगात भरायचं. चित्र पुरं झालं की किलियान ते क्रेनफेल्डला पोचवायचा. तिथून ते न्युरेनबर्गला जाई. तिकडे एकजण ते तांब्याच्या पत्र्यावर कोरायचा, छापायचा, आणि बायकापोरी बसून एकेक छापील पान मूळ चित्राबरहुकूम हाताने रंगवायच्या.

युस्टिना आधी नुसत्या शिंपल्या धुवायची. रंग शिंपल्यांत कालवलेले असत. मग ती रंग घोटायला लागली. मग एका हिवाळ्यात लोरेंझ म्हणाला, "एवढं एक पान भरून बघ गं. बर्चच्या झाडाचं आहे, बिघडलं तरी बर्च काही बोलत नाही."

ते बिघडलं नाही. त्यानंतर फांद्या, पानं, बोरं, शेवाळं, सगळं तिच्याकडे आलं. पक्षी त्याचा आणि झाड तिचं. खिडकीपाशी एकाच फळीवर दोघं दोन बाजूंनी वाकून बसायची. सासू डोर्टे चुलीपाशी बटाटे किसता किसता बडबडायची, "दोघांनी मिळून चिमणीएवढं पाखरू रंगवायचं, आणि रविवारचे गोळे मात्र एकट्या म्हातारीने वळायचे!"

"आई, तू ये, शेपटी तू रंगव," लोरेंझ म्हणायचा.

"मी रंगवली तर तुझे पाद्रीबाबा त्याला कोंबडी म्हणतील."

एक मूल झालं, ते राहिलं नाही. त्याची शवपेटी लोरेंझने रंगवली नाही, साधीच ठेवली. नंतर मूल झालं नाही, आणि त्याबद्दल घरात कुणी बोललंही नाही.

लोरेंझच्या पोटात कळा येऊ लागल्या तेव्हा डोर्टेने ओवा-बडीशेपेचा काढा दिला. त्याच्या बापालाही अशाच कळा यायच्या, त्यातच तो गेला होता. मग लोरेंझच्या हिरड्यांवर निळसर काळी रेघ दिसू लागली. आणि एका सकाळी कुंचला उचलताना त्याचा उजवा हात मनगटातून खाली पडला. बोटं मिटत होती, मूठ वळत होती, पण मनगट काही वर उचलेना. ओल्या फडक्यासारखा हात लोंबत राहिला.

गोथा शहरातल्या डॉक्टरने हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "पांढऱ्या रंगाला शिशाचा सफेदा वापरता?"

"सगळेच वापरतात."

"कुंचल्याला टोक आणायला तोंडात घालता?"

लोरेंझने युस्टिनाकडे पाहिलं. लहानपणापासून बापाबरोबर शिशाचा सफेदा कुटत, घोटत आला होता तो. आणि कुंचला ओठांत धरून टोक काढायची सवय तर त्याची इतकी जुनी, की आपण तसं करतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. युस्टिनाला ठाऊक होतं. तिला ते आवडायचंही.

"हात परत येईल का?" तिने विचारलं.

"कधी कधी येतो," डॉक्टर म्हणाला. "शिसं विष आहे. सफेदा घराबाहेर काढा."

ग्रंथाचा तिसरा भाग अर्धा व्हायचा होता. युस्टिनाने सफेद्याची पुडी माळ्यावर फेकली आणि खिडकीशी जाऊन त्याच्या जागेवर बसली.

"तू फक्त बोल," ती म्हणाली. "मी तुझा हात. हात बरा झाला की ऊठ म्हण, उठेन."

पहिला होता कुंपणराजा, मुठीत मावणारा तपकिरी पक्षी, शेपूट उभी. लोरेंझ तिच्या मागे स्टुलावर बसला.

"पाठ आधी. नाही, पातळ, अजून पातळ. चहा पाजतेस का त्याला? एवढं पाणी कशाला?"

"तूच म्हणालास पातळ."

"पातळ म्हणालो, बुडव नाही म्हणालो."

"आता पट्टे?"

"थांब. वाळू दे. तुझी ही घाई काचभट्टीची आहे. तिथे थंड झालं की संपलं, इथे वाळलं की सुरू होतं."

ती हसली, तिचा हात हलला आणि पट्टा वाकडा गेला. "बघ!" म्हणून तो ओरडला आणि मग तोही हसू लागला. सुरुवातीचे ते महिने पुढे तिला फार आठवायचे. लग्नानंतर इतका वेळ ती दोघं एकमेकांशी कधी बोलली नव्हती. तो डोळे मिटून सांगायचा आणि ती काढायची, आणि संध्याकाळी चित्राकडे बघताना ते कुणाचं, असा प्रश्न दोघांनाही पडायचा नाही. खाली सही लोरेंझची. ती डाव्या हाताने त्याची त्यालाच जमायची.

हात परत आला नाही. दुसराही हळूहळू ढिला पडत गेला, सही तेवढी कशीबशी जमायची. त्याला शर्ट ती चढवायची, पाव ती कापून द्यायची.

आणि मग थिरथिरा पक्षी काढायच्या वेळी एक गोष्ट झाली. तो मागून सांगत होता, "छाती भर आता, वरून खाली." ती ऐकत नव्हती. किलियानने तो थिरथिरा जिवंतच आणला होता, टोपलीखाली ठेवला होता, आणि टोपलीच्या फटीतून त्याची शेपूट थरथरताना तिला दिसत होती. ती थरथर उतरायच्या आत तिला ती पकडायची होती. छाती तिने खालून वर भरली, पिसं मोजली नाहीत, बाजूचा रंग ओला असतानाच दुसरा त्यात सोडला. लोरेंझ दोनदा बोलला. तिसऱ्यांदा बोलला नाही. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली तर मागचं स्टूल रिकामं होतं. तो अंगणात लाकडांच्या ढिगावर बसला होता.

"रागावलास?"

"नाही."

"ओरडायचं मग."

"ओरडलो असतो तर ऐकलं असतंस?" एवढंच तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला बरं वाटलं. तिथे तिचं चुकलं, असं ती पुढे म्हणायची.

पाद्री नोटनागेल टेनबाखला वर्षातून एखाद्या वेळीच येत. क्रेनफेल्डहून वाट चढणीची, आणि त्यांचं पाऊल जड. लोरेंझच्या हाताची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. लपवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, सांगायचं राहून गेलं, आणि राहून गेलेलं सांगणं दर महिन्याला जास्त अवघड होत गेलं. शिवाय पाद्रीबाबांना माणसांकडे बघायची सवय नव्हती. पक्ष्याच्या पायावरचा खवला त्यांना दिसायचा, समोर बसलेल्याचा हात दिवसभर कोटाच्या आत का आहे, हे नाही.

त्या वसंतात ते आले ते घामाघूम होऊन, टोपी काढायच्या आतच म्हणाले, "लोरेंझ, लालगळ्या! तो लालगळ्या!"

डोर्टेने त्यांना बिअर आणि प्लमचा मुरंबा लावलेला पाव दिला. पाद्रीबाबांनी युस्टिनाने काढलेलं लालगळ्या पक्ष्याचं चित्र सोबत आणलं होतं. त्यांनी ते खिडकीला टेकवलं.

"मी तुम्हाला खरं सांगू का?" ते लोरेंझला म्हणाले. "इतकी वर्षं तुमचे पक्षी अगदी बरोबर असायचे. एक पीस कमी नाही, एक जास्त नाही. पण ते बसलेले असायचे हो, पेंढा भरल्यासारखे. मी कधी बोललो नाही, म्हटलं, कागदावरचा पक्षी आणखी काय करणार? आणि आता हा बघा! हा माझ्याकडे बघून उडायच्या बेतात आहे. थिरथिऱ्यापासून तुमच्या हाताला देवाने काय दिलंय कुणास ठाऊक."

युस्टिना चुलीपाशी उभी होती. तिच्या तोंडावर आधी हसू आलं. ते आवरायला तिला क्षणभर लागला, आणि त्या क्षणात लोरेंझने तिच्याकडे पाहिलं.

"आभारी आहे, पाद्रीबाबा," लोरेंझ म्हणाला.

"आता शेवटचा भाग. त्यात नाइटिंगेल, सगळ्यांत गोड गाणारी. ती तर तुमच्याच हातची हवी."

"तीच करतोय," लोरेंझ म्हणाला.

ते खोटं नव्हतं. हात पडण्याआधी नाइटिंगेलचं एक चित्र त्याने सुरू केलं होतं. रेखाटन पूर्ण, पाठ आणि शेपूट तपकिरी भरलेली, छाती आणि डोळा कोरा. तो कागद त्याच्या खणात होता. युस्टिनाने एकदा तो बाहेर काढला तर त्याने तिला हात लावू दिला नव्हता. "ही मी करणार," म्हणाला होता. कधी, हे तिने विचारलं नव्हतं.

पाद्रीबाबा उतारावर दिसेनासे झाल्यावर तो म्हणाला, "युस्टिना, त्यांना सांग."

"काय सांगू?"

"कुणी काढलेत ते सांग. तुझे पक्षी आहेत. त्यांच्याखाली माझं नाव मला नको."

"आणि ते म्हणाले की बाईचं काम नको, मग? दुसऱ्या कुणाला दिलं, तर? खायचं काय आपण, शेवाळं?"

"मग उपाशी राहू."

"तुझी आई राहील उपाशी? लोरेंझ, ग्रंथ होऊ दे पुरा. मग सांगू. दोघं मिळून जाऊन सांगू." मग तिने आवाज खाली आणला. "आणि तुझं नाव आहे ते. मी जपतेय ते."

"कुणी सांगितलं होतं जपायला?"

ती रंगाच्या फळीकडे वळली. खरं असं होतं की तिला थांबायचं नव्हतं. सकाळी खिडकीशी बसलं की हाताखाली काहीतरी जिवंत होत जायचं, आणि ते कुणी काढून घेईल ही भीती तिला भुकेपेक्षा मोठी होती.

त्या दिवसापासून लोरेंझ खिडकीकडच्या खोलीत आला नाही. सकाळी किलियानबरोबर रानात जायचा. किलियान जाळी लावायचा आणि हा नुसता ऐकत बसायचा. हाताचं काम नसलेला माणूस आणि तोंडाचं काम नसलेला पारधी, दोघांचं छान जमलं. लोरेंझला शीळ उत्तम यायची. फिंकाची लकेर तो अशी घालायचा की झाडावरचा फिंक चिडून उलट उत्तर द्यायचा. संध्याकाळी घरी आला की डोर्टे त्याला भरवायची. युस्टिनाने भरवलेलं तो खायचा नाही असं नाही, पण आई असली की आईकडेच तोंड करायचा.

"नवऱ्याला घराबाहेर काढून स्वतः खुर्चीत बसलीस," डोर्टे एकदा भांडी आपटत म्हणाली.

"मी नाही काढलं. तोच जातो."

"जागा असती तर गेला नसता."

त्याच शरदात फ्रेंच फौज लाइपझिगला हरली आणि आमच्या डोंगराखालच्या रस्त्याने माघारी पळाली. धड चालणारे पुढे निघून गेले, आणि जे चालू शकत नव्हते ते गावोगावच्या कोठारांत पडले. टेनबाखच्या कोठारातही पेंढ्यावर रांगेने पडले होते. ताप होता, अंगावर पुरळ होतं, बडबड होती. गावातल्या बायका दारातून सूप आत सरकवायच्या आणि पळायच्या. कुणी आत जायला तयार नव्हतं.

लोरेंझ गेला.

"वेडा झालास?" युस्टिना म्हणाली. "ते रोगी आहेत, आणि परके आहेत. तुला काय करता येणार तिथे? पाण्याचा पेला तरी उचलता येतो का तुला?"

ते तोंडातून गेलं आणि गेलंच. तो दारात थांबला, म्हणाला, "नाही येत. म्हणून तर जातो. तिथे कुणाला माझ्या हाताशी काम नाही."

किलियानने नंतर सांगितलं ते असं. लोरेंझ पेंढ्यावर त्यांच्यामध्ये बसायचा. भाषा त्याला येत नव्हती. तो शीळ घालायचा, चंडोलाची, फिंकाची, काळटोप्या पक्ष्याची. हिवाळा तोंडावर आलेला, बाहेर एक पक्षी गात नव्हता, आणि कोठारात वसंत चाललेला. एक मिशाळ सैनिक, तापाने वेडावलेला, प्रत्येक पक्ष्याचं आपल्या भाषेतलं नाव सांगायचा. लोरेंझ ते नाव म्हणायचा, चुकीचं, आणि दोघं हसायचे. मग एके दिवशी तो सैनिक हसला नाही.

लोरेंझला ताप चढला तेव्हा पहिला बर्फ पडून गेला होता. युस्टिनाने त्याला खिडकीच्या खोलीत निजवलं, कारण तिथे उजेड होता आणि शेगडी लागून होती. रंगाची फळी भिंतीला उभी केली. तिने त्याला धुतलं, पाणी पाजलं, त्याचे दोन्ही हात ब्लँकेटवर सरळ ठेवले, ते पुन्हा पुन्हा वळत होते. शुद्ध यायची, जायची. एकदा डोळे उघडून त्याने विचारलं, "नाइटिंगेल झाली का?"

"व्हायची आहे. तू करणार आहेस ना?"

"हो," तो म्हणाला. "छातीला घाई करायची नाही." मग तो बराच वेळ फिंकासारखी शीळ घालायचा प्रयत्न करत होता. ओठ कोरडे पडले होते, नुसता वारा येत होता.

तो दुपारी गेला. डोर्टे पाणी आणायला गेली होती.

बर्फ वितळल्यावर क्रेनफेल्डहून पाद्रीबाबा कबरीपाशी प्रार्थना करायला आले. ते रडले. म्हणाले, "हा माणूस शेवटच्या दोन वर्षांत कुठच्या कुठे गेला होता! आता कुठे त्याचा हात उघडत होता." गावकऱ्यांनी माना हलवल्या. युस्टिनाला वाटलं, आता बोलावं. पण कबरीच्या कडेला उभं राहून, हा काही त्याचा हात नव्हता, असं कोण बायको बोलेल?

त्या वसंतात तिने खणातून नाइटिंगेल काढली.

पुरी करायची तर त्याच्यासारखी, असं तिने ठरवलं. माळ्यावरून सफेद्याची पुडी उतरवली. ती स्वतः डोळ्यातली चमक कागद कोरा सोडून काढायची. लोरेंझ सफेद्याचा ठिपका द्यायचा, तिनेही ठिपका दिला. छाती वरून खाली भरली, प्रत्येक थर वाळू दिला, पीस न् पीस वेगळं काढलं, एकाची कड दुसऱ्यात मिसळू दिली नाही. हात पुढे पळायला बघायचा आणि ती त्याला मागे ओढायची. "घाई काचभट्टीची," असं स्वतःशीच म्हणायची. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला तो मागच्या स्टुलावर बसल्यासारखा वाटला. चित्र झालं तेव्हा ते त्याचं होतं. ते दुसऱ्या कुणाचं असूच शकलं नसतं.

ती स्वतः ते घेऊन क्रेनफेल्डला चालत गेली.

पाद्रीबाबांनी चित्र उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे जुनं आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं. "त्याच्या आधीच्या दिवसांतलं?"

"त्याचं शेवटचं आहे."

"नाही, बाई. मला कळतं ना. लालगळ्या काढणाऱ्या हाताने हे काढलेलं नाही. हे घातलं तर त्याचंच नाव खाली जाईल."

मग युस्टिनाने सांगितलं. कुंपणराजापासून सांगितलं, हात कसा पडला, मग थिरथिरा, मग लालगळ्या. पाद्रीबाबा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं असावं. तिच्या नखांत तपकिरी रंग होता. त्यांनी अविश्वास दाखवला नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अरे देवा. आणि मी त्याच्या तोंडावर..."

"हो," युस्टिना म्हणाली.

मग ते म्हणाले, "तुमचं नाव घालतो. शेवटच्या भागात. प्रस्तावनेत सगळं लिहितो."

"माझं नाव नको. हा एक पक्षी घाला. सगळ्या ग्रंथात त्याला हवा होता असा हा एकच राहिला होता."

पाद्रीबाबांनी पुन्हा चित्र उचललं. खरंच प्रयत्न केला त्यांनी, तिला तो दिसला. कागद जवळ घेतला, लांब धरला.

"नाही घालता येत, मुली," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "दुसरा कुठलाही पक्षी असता तर घातला असता. ही नाइटिंगेल आहे, आणि ही गात नाही."

तिने कागद परत घेतला, कारण ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"तुम्ही काढा," ते तिला दारापर्यंत पोचवताना म्हणाले. "तुमच्या पद्धतीने. मी थांबतो, वर्षभर थांबतो."

"नाही जमायचं," ती म्हणाली.

शेवटच्या भागातली नाइटिंगेल गोथाच्या कुणा चित्रकाराने काढली. चांगली काढली. प्रस्तावनेत पाद्रीबाबांनी लोरेंझविषयी दोन पानं लिहिली आणि तिच्याविषयी काही लिहिलं नाही, तिने सांगितलं होतं तसंच. युस्टिनाने पुन्हा कधी पक्षी काढला नाही. न्युरेनबर्गहून छापील पानांचे गठ्ठे येत, ते ती रंगवून परत पाठवायची. तिचाच लालगळ्या, तिचाच थिरथिरा, शेकडो वेळा, नमुन्याबरहुकूम. कधी कधी गोथावाल्याची नाइटिंगेलही यायची. तीही रंगवायची.

लोरेंझची नाइटिंगेल डोर्टेने काचेच्या चौकटीत घालून शेगडीच्या वर लावली. वर्षं गेली तशी धुराने ती पिवळी पडली. डोर्टेची नजर अधू झाली होती, तरी ती रोज फडक्याने काच पुसायची. दोघी बायका एकमेकींची सवय झाल्यासारख्या राहत होत्या, भांडायच्या, बटाटे किसायच्या.

एका रविवारी जेवताना डोर्टे एकाएकी म्हणाली, "त्याला तुझा अभिमान होता हं."

युस्टिनाचा घास हातातच राहिला. "कुणाला?"

"कुणाला म्हणजे? रानातून आला होता एकदा, तू ओढ्यावर गेली होतीस. तुझं कुठलंसं चित्र फळीवर होतं. उभा राहून बघत होता. मला म्हणाला, आई, मला हे सहन होत नाही आणि मला हे कुणालातरी दाखवावंसंही वाटतं. दोन्ही एकदम कसं होतं गं? मी म्हटलं, तिला सांग जा. तर म्हणाला, सांगेन, थोडं शांत होऊ दे आतलं."

"आणि तुम्ही मला हे आत्ता सांगताय?"

डोर्टेने काटा खाली ठेवला. "तो गेला त्या वर्षी सांगणार होते. पण माझा तुझ्यावर राग होता. वाटायचं, तू त्याची खुर्ची घेतली नसतीस तर तो कोठारात गेला नसता. मग राग गेला, पण सांगायची लाज वाटायला लागली. आता डोळे गेले, उद्या मी जाईन."

युस्टिना उठली, बाहेर लाकडांच्या ढिगावर जाऊन बसली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. तो तिथेच बसायचा. तिला राग करायचा होता, पण तो कुणाचा करावा ते समजेना. म्हातारीने सांगितलं नव्हतं, लोरेंझने सांगितलं नव्हतं, आणि तिने तरी त्याला काय सांगितलं होतं? पाद्रीबाबा लालगळ्या घेऊन आले त्या दिवशी हसू आलं होतं एवढं तरी त्याला सांगायला हवं होतं, की आलं होतं, आणि त्याचं वाईटही वाटलं होतं.

आठवडाभर ती डोर्टेशी बोलली नाही. मग डोर्टेला खोकला झाला, आणि बोलणं भाग पडलं. त्या हिवाळ्यात तिने सासूचं सगळं केलं, आणि वसंतात तिला लोरेंझच्या शेजारी पुरलं.

युस्टिना त्यानंतर पुष्कळ जगली. किलियान गेला, पाद्रीबाबा गेले, रंगवायच्या पानांचे गठ्ठे यायचे थांबले. शेवटी शेवटी ती शेजारच्यांच्या मुली सांभाळायची. त्यांना कुणी कागद आणि रंग दिले की त्या तिच्याकडे आणायच्या, आजी, पक्षी काढून दे म्हणून हट्ट करायच्या. ती त्यांना झाडं काढून द्यायची. बर्च, विलो, बोरांच्या जाळ्या. फांद्या मोकळ्या ठेवायची आणि म्हणायची, "बसवा तुम्हीच कुणाला बसवायचं ते."